भडका का उडतो? बंदीनंतर बोटीवरची शेगडी पेटवण्याआधी हे वाचा



३१ जुलैला मासेमारीची बंदी संपते. मालीम असो, कुटबण असो, शापोरा असो की वास्कोचा खारीवाडा, सगळ्या जेट्यांवर आता एकच धावपळ. रंगकाम, जाळी तुणणे, इंजिनाचे तेल बदलणे, पंख्याला चिकटलेली शिंपली खरवडणे. लायसन, डिझेल, बर्फ, खलाशांची ओळखपत्रे, सगळ्याची यादी मालकांच्या खिशात तयार आहे. पण त्या यादीत एक वस्तू बहुतेक नसतेच, ती म्हणजे बोटीवर जेवण करायची गॅसची शेगडी. दोन महिने केबिनमध्ये पडून, नळी तशीच जोडलेली, सिलिंडर कोपऱ्यात. बोट पहिल्या फेरीला बाहेर पडते, एखादा पोरगा चहा ठेवायला जातो, नॉब फिरवतो आणि मग काडेपेटी शोधायला लागतो.

बरेचसे भडके या शोधाशोधीतच उडतात. म्हणून आज तेवढ्याच विषयावर लिहितो. पोस्ट लांब आहे, पण मालकांनी पूर्ण वाचावी आणि बोटीवर जो जेवण करतो त्याला समजावून सांगावी.

आधी हे समजून घेऊ की साधी आग आणि भडका यात फरक काय. आगीला इंधन, हवा आणि ठिणगी लागते, हे शाळेत सगळेच शिकलो. शेगडी नीट पेटलेली असते तेव्हा नळीतून जेवढा गॅस येतो तेवढा लगेच जळून जातो, मागे काही शिल्लक राहत नाही. भडक्यात हा क्रम उलटा होतो. इंधन आधी येऊन साठते आणि ठिणगी मागाहून येते. मग साठलेले सगळे एका क्षणात पेटते. शेगडीची ज्योत तीच, गॅस तोच, फक्त आधी काय आणि मागून काय एवढाच फरक. गॅसचे, रॉकेलचे, पेट्रोलचे, लाकडाच्या शेगडीचेसुद्धा बहुतेक भडके याच एका कारणाने होतात.

आता आपला स्वयंपाकाचा गॅस. तो प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण आहे आणि हवेपेक्षा दीड ते दोन पट जड आहे. म्हणजे सुटला की वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो आणि सखल जागेत बसतो. हवेत साधारण २ टक्के गॅस मिसळला की ते मिश्रण पेटू शकते, आणि साधारण ९ टक्क्यांपर्यंत पेटत राहते. त्याहून जास्त झाला तर हवा कमी पडल्यामुळे पेटत नाही. पण यावर कोणी विसंबू नये, कारण दार उघडले की बाहेरची हवा आत येते आणि तेच मिश्रण पेटण्याजोगे होते. "एवढा वास होता तरी काही झाले नाही" असे सांगणारे लोक भेटतात. त्यांचे नशीब चांगले होते, बाकी काही नाही.

थोडा हिशेब करून बघू. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर तासाला साधारण दीडशे ग्रॅम गॅस जाळतो. ज्योत नसताना तो १० मिनिटे उघडा राहिला तर पंचवीस ग्रॅम गॅस बाहेर पडतो. पंचवीस ग्रॅम म्हणजे दोन चमचे तेलाच्या वजनाएवढा. पण वायू म्हणून त्याची जागा दहा-अकरा लिटरची होते, आणि हवेत मिसळला की पाचशे लिटरपेक्षा जास्त पेटणारे मिश्रण तयार होऊ शकते. डिझेलचा २०० लिटरचा ड्रम डोळ्यांसमोर आणा. असे अडीच ड्रम भरतील एवढे, तेही दोन चमचे गॅसातून. ट्रॉलरवर पंधरा-वीस जणांच्या शितासाठी जी मोठी भट्टी असते ती तर घरच्या शेगडीच्या कित्येक पट गॅस ओढते. तिथे १० मिनिटे लागत नाहीत, एक मिनिट पुरते.

घरात गॅस सुटला तर तो दाराच्या फटीतून, उंबऱ्यावरून थोडाफार तरी बाहेर जातो. बोटीत तशी सोय नाही. बोट पाणी आत येऊ नये म्हणूनच बांधलेली असते, आणि जिथून पाणी आत येत नाही तिथून गॅसही बाहेर जात नाही. तो केबिनच्या फळ्यांमधून खाली उतरतो आणि तळाला जिथे पाणी साठते त्या बिल्जमध्ये जाऊन बसतो. तिथून इंजिनखणात. आणि इंजिनखणात ठिणग्यांना काय तोटा? सेल्फ मारला की ठिणगी, बॅटरीची सैल तार हलली की ठिणगी, बिल्ज पंपाचा स्विच चालू झाला की ठिणगी. म्हणून कित्येकदा शेगडी पेटवणाऱ्याला काहीच होत नाही. तो चहा पिऊन झोपतो, आणि दोन तासांनी खाली जाऊन इंजिन चालू करणारा भाजतो. ज्याची काही चूक नाही अशा माणसावर हे येते.

दर्यात दुसराही एक धोका आहे, तो घरी फारसा नसतो. वारा. पेटलेली ज्योत वाऱ्याच्या झोताने विझते, किंवा बोट हेलकावली की टोपातली पेज उतू जाऊन बर्नरवर पडते आणि ज्योत विझते. विझताना आवाज नाही, काही नाही. गॅस मात्र चालूच. जेवण करणारा त्या वेळी जाळे ओढायला बाहेर गेलेला असतो, कारण बोटीवर कोणी एकच काम करत नाही. तो परत येतो, ज्योत विझलेली बघतो आणि सवयीने लगेच लायटर मारतो. इथेच थांबायला हवे. विझलेली शेगडी दिसली तर आधी नॉब बंद, रेग्युलेटर बंद, दार-खिडकी-झाकणे उघडी, पुठ्ठ्याने खालची हवा बाहेर ढकलायची, आणि वास पूर्ण गेल्यावरच पुन्हा पेटवायची. भूक लागलेली असली तरी.

यावर एक चांगला उपाय बाजारात आहे. काही शेगड्यांमध्ये ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होण्याची सोय असते. बर्नरच्या बाजूला एक बारीक पितळी-तांबडी काडी दिसते. ज्योतीने ती तापली की तिच्यात अगदी थोडी वीज तयार होते आणि ती वीज आतली झडप उघडी धरून ठेवते. ज्योत गेली, काडी थंड झाली, वीज थांबली की स्प्रिंगने झडप बंद होते. बॅटरी लागत नाही, काही नाही. झडप बंद व्हायला थोडे सेकंद जातात, पण तेवढ्यात बिल्ज भरत नाही. शेगडी विकत घेताना दुकानदाराला "ज्योत विझल्यावर गॅस बंद होतो का" असे स्पष्ट विचारा आणि पेटवून, फुंकून दाखवायला सांगा. ही शेगडी थोडी महाग पडते. माझे मत विचाराल तर नवा रंग एक वर्ष उशिरा काढा, पण ही घ्या. तोवर निदान शेगडीच्या तिन्ही बाजूंना पत्र्याचा आडोसा करा आणि टोप सरकू नये म्हणून कठडा लावा. पेटत्या शेगडीपाशी एक माणूस पाहिजेच. जाळे ओढायची वेळ झाली तर जेवण थांबवा, गॅस बंद करा, मग बाहेर जा.

पेटवण्याची पद्धत. सगळ्यांना येते असे वाटते, पण बघायला गेलात तर दहातले आठ जण उलटे करतात. आधी केबिनचे दार आणि झाकण उघडायचे. खाली वाकून जमिनीजवळ वास घ्यायचा, उभ्याने घेऊन उपयोग नाही, कारण गॅस खाली असतो. सगळे नॉब बंद आहेत ना ते हाताने फिरवून बघायचे. मग रेग्युलेटर उघडायचा. मग काडी पेटवून बर्नरजवळ धरायची, आणि सगळ्यात शेवटी नॉब फिरवायचा. आधी काडी, मग नॉब. लायटर असेल तर नॉब फिरवताच लगेच मारायचा. तीन-चार सेकंदांत नाही पेटली तर नॉब बंद करून पाच मिनिटे थांबायचे. नॉब उघडा ठेवून टक टक टक लायटर मारत बसण्याची जी सवय आहे, ती तर सरळ भडक्याला बोलावणे आहे. दर्याच्या खाऱ्या हवेने लायटर हमखास दगा देतो, म्हणून लांब दांड्याची काडेपेटी प्लास्टिकच्या बंद डब्यात ठेवावी.

बंद करताना उलट्या बाजूने. आधी सिलिंडरवरचा रेग्युलेटर बंद करायचा, नळीत उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यायची, आणि मग नॉब बंद. यामुळे नळीत गॅस उरतच नाही. रात्री उंदराने नळी कुरतडली तरी गळायला आत काही नाही. प्रत्येक जेवणानंतर असेच करायचे, फक्त रात्रीच नाही.

आता वासाबद्दल. गॅसला स्वतःचा वास नसतो, तो कळावा म्हणून कंपनी त्यात मुद्दाम घाणेरड्या वासाचे द्रव्य मिसळते. पण आपल्या बोटीवर डिझेलचा वास, बिल्जच्या पाण्याचा वास, चार दिवसांच्या नुस्त्याचा वास. त्यात तो वास वेगळा कोण ओळखणार? शिवाय एकाच वासात नाक अर्धा तास राहिले की ते दमते, मग वास असून कळत नाही. तळात, फळ्यांखाली साठलेला गॅस तर वर उभ्या माणसाला जाणवतच नाही. ज्यांना जमेल त्यांनी गॅस गळतीचा अलार्म बसवावा. पण तो जमिनीजवळ, शेगडीच्या खालच्या पातळीत लावावा. धुराचा अलार्म छताला लावतात, तसाच हाही छताला लावलेला मी पाहिला आहे. तो वाजेपर्यंत केबिन गळ्याएवढे भरलेले असेल.

नळी. आयएसआय मार्काची नारिंगी रंगाची सुरक्षा नळी घ्या, तिच्या आत तारेची जाळी असते. तिच्यावर वर्ष छापलेले असते आणि ५ वर्षांनी ती बदलायची असते. हा हिशेब घरासाठी आहे. खाऱ्या वाऱ्यात, उन्हात, इंजिनाच्या गरमीत आणि डिझेलचे हात लागणाऱ्या जागी मी तर ती त्याआधीच बदला म्हणेन. एका टोपली बांगड्यांपेक्षा ती स्वस्त आहे. साधी हिरवी किंवा पारदर्शक पाण्याची नळी लावू नका. दोन तुकडे जोडून लांब करू नका, एका नळीवर टी लावून दोन शेगड्या चालवू नका. नळी वाकवून बघा, भेग दिसली तर गेली. उंदराचे दात दिसले तर वाद घालायचा नाही. चिकटपट्टी, एम-सील, सायकलच्या ट्यूबचा तुकडा हे सगळे उपाय पाण्याच्या पाइपाला ठीक आहेत.

गळती तपासायला वाटीभर पाण्यात साबण घालून फेस करा. शेगडीचे नॉब बंद, रेग्युलेटर चालू, आणि फेस लावायचा रेग्युलेटरला, नळीच्या दोन्ही टोकांना, सिलिंडरच्या तोंडाला, नॉबच्या मुळाशी. बुडबुडा फुगला तर गळती. काडी पेटवून गळती शोधणारे शूर लोक अजून आहेत म्हणून सांगतो, काडी नको. नवीन सिलिंडर जोडताना आतला रबरी वायसर जागेवर आहे का बघा. आणि बंदीत दोन महिने सिलिंडर बोटीवर जोडून ठेवण्याची काही गरज नसते. टोपण लावून जेटीवरून हलवावा हेच बरे. या वर्षी ज्यांनी ठेवला त्यांनी पहिल्या दिवशी बोटीवर चढताच काही चालू करू नये. आधी सगळी झाकणे उघडावीत, तासभर हवा खेळू द्यावी, तळाशी वास बघावा, मग बॅटरीची मेन आणि मग इंजिन.

सिलिंडर कुठे ठेवायचा यावर दर वर्षी वाद होतो. केबिनमध्ये नको, इंजिनखणात तर मुळीच नको. बाहेर डेकवर, उन्हापासून आडोशाला, उभा, आणि दोन ठिकाणी दोरीने बांधलेला असावा. पेटीत ठेवणार असाल तर पेटीच्या तळाला भोक पाहिजे आणि ते भोक बाहेर समुद्राकडे उघडले पाहिजे, बोटीच्या पोटात नाही. म्हणजे गळला तर गॅस पाण्यावर उतरून वाऱ्याने जाईल. उभाच का? सिलिंडरमध्ये खाली द्रव असतो आणि वर वायू. आडवा पडला की तोंडातून वायूऐवजी द्रव येतो, आणि तो द्रव बाहेर आल्यावर सुमारे अडीचशे पट पसरतो. उसळत्या दर्यात न बांधलेला सिलिंडर आडवा व्हायला किती वेळ लागतो ते तांडेलांना सांगायला नको. तळाला गंज धरून पापुद्रे निघणारा सिलिंडर एजन्सीकडून घेऊच नका. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्ष लिहिलेले असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या मुदतीपर्यंत त्याची पुढची चाचणी व्हायची असते. मुदत उलटलेला दिसला तर परत करा. आणि घरगुती सिलिंडर धंद्याच्या बोटीवर वापरणे नियमात बसत नाही, व्यावसायिक घ्या.

दर्यात असताना गॅसचा वास आला तर काय? सगळ्या ज्योती, विड्या बंद. रेग्युलेटर बंद करून काढा, सिलिंडरला टोपण लावा. कोणतेही विजेचे बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, दोन्ही वेळा ठिणगी पडते. इंजिन बंद असेल तर बंदच राहू द्या. बिल्जचा विजेचा पंप चालवू नका. सगळ्यांना वर डेकवर, जॅकेट घालून, वाऱ्याच्या बाजूला बसवा. झाकणे उघडा. आणि आता ऐकायला विचित्र वाटेल, पण गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो पाण्यासारखा उपसता येतो. प्लास्टिकच्या बादलीने तळातून "रिकामी" बादली भरायची आणि कठड्याबाहेर ओतायची. हातपंप असेल तर तो मारायचा, पाणी येत नसले तरी. बघणाऱ्याला वेडेपणा वाटतो, पण बोटीच्या तळातला गॅस काढायची ही खात्रीची रीत आहे. वास पूर्ण जाऊन वर अर्धा तास होईपर्यंत काही पेटवायचे नाही. फोन करायचा तर केबिनपासून लांब, नाळेवर जाऊन. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, वायरलेसवर चॅनेल १६. किनाऱ्यावर घरात गळती झाली तर गॅसचा आपत्कालीन नंबर १९०६, आणि आग लागली तर ११२.

सिलिंडरच्या तोंडाशीच आग लागली तर बहुतेक लोक आधी ती विझवायला धावतात. गॅस बंद करता येत असेल तर ओले गोणपाट हाताला गुंडाळून रेग्युलेटर बंद करा, ज्योत आपोआप जाईल. बंद करता येत नसेल तर नुसती ज्योत विझवू नका. विझवलीत तर गॅस न जळता पसरत राहील आणि थोड्या वेळाने मोठा भडका होईल. जळत्या सिलिंडरवर लांबून समुद्राचे पाणी मारत राहा, आजूबाजूचे प्लास्टिक आणि जाळी हटवा, माणसे दूर करा, मदत मागवा. फायबरची बोट असेल तर लक्षात ठेवा की फायबर एकदा पेटले की काळा जहरी धूर येतो आणि ते विझता विझत नाही. पावडरचा विझवायचा नळकांडा केबिनच्या दाराजवळ बाहेरच्या बाजूला टांगा. शेगडीच्या वर टांगला तर आगीतून हात घालून काढावा लागेल. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते महिन्यातून एकदा बघा.

मासे तळताना कढईतले तेल पेटले तर पाणी अजिबात नाही. पाणी तेलाखाली जाते, वाफ होऊन हजारपटीपेक्षा जास्त फुगते आणि पेटते तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करा, झाकण किंवा मोठे ताट बाजूने सरकवत ठेवा, आणि थंड होईपर्यंत उचलून बघू नका. चालत्या बोटीवर कढईभर तेलात तळण्यापेक्षा हुमण आणि भात बरा, असे माझे मत. आवडीचा प्रश्न आहे, पण भाजण्याचाही आहे.

कॅनोवाल्यांसाठी दोन-तीन गोष्टी. पंपाचा रॉकेलचा स्टोव्ह अजून काही ठिकाणी आहे. त्यात रॉकेल गरम नळीतून जाऊन वाफ होते आणि वाफ जळते. नळी पुरती तापण्याआधी पंप मारला तर वाफेऐवजी कच्चे रॉकेल उडते आणि पिवळा भडका छातीपर्यंत येतो. म्हणून खालच्या वाटीतली ज्योत विझत येईपर्यंत पंपाला हात लावू नका. भडका आलाच तर हवेचा स्क्रू सोडा. पेटत्या किंवा गरम स्टोव्हमध्ये रॉकेल ओतू नका. पेट्रोलच्या बाहेरच्या इंजिनाचे तर आणखी नाजूक. पेट्रोलची वाफ थंड हवेतही होते, ती गॅससारखीच जड असून तळाला बसते, आणि दीड टक्क्यालाच पेटते. टाकी भरायची तर जमेल तेव्हा कॅनोबाहेर, वाळूवर ठेवून भरा. सांडले तर पुसा, वारा लागू द्या, मगच दोरी ओढा. बॅटरीचे मात्र उलट आहे. चार्जिंग होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तो हलका असून वर छताला जमतो. म्हणून बॅटरीच्या पेटीला वरच्या बाजूला भोके पाहिजेत, गॅसच्या पेटीला खालच्या बाजूला.

शॅक चालवणाऱ्या आपल्या काही सभासदांनी पेलेट ग्रिलबद्दल विचारले होते. परदेशी पर्यटकांना ओळखीची, म्हणून घ्यायचा विचार चालला आहे. ही विजेवर चालणारी लाकडाची शेगडी. भुसा दाबून केलेल्या छोट्या गोळ्या एका पेटीत असतात, फिरता स्क्रू त्या थोड्या थोड्या करून एका लहान भांड्यात टाकतो, तापणारी सळी त्या पेटवते आणि पंखा हवा देतो. इथेही भडक्याचे कारण आपण वर बोललो तेच. गोळ्या ओल्या असल्या, भांडे राखेने भरलेले असले किंवा मधेच लाइट गेली की आग धरत नाही, पण पुन्हा चालू केल्यावर स्क्रू गोळ्या टाकतच राहतो. भांड्यात ढीग होतो आणि तो नुसता धुमसतो. धुमसताना जो दाट पांढरा-पिवळा धूर निघतो तो म्हणजे न जळलेले इंधनच. झाकणाखाली तो कोंडतो, आणि एकदम पेटला की झाकण उडते.

म्हणून शेगडी पेटली नाही तर पुन्हा पुन्हा बटण दाबायचे नाही. विजेचा प्लग काढून ती पूर्ण थंड होऊ द्यायची, भांड्यातल्या गोळ्या आणि राख काढायची, मग नव्याने सुरू करायची. दाट धूर येत असेल तर तोंड पुढे करून झाकण उघडायला जाऊ नका, बाजूला व्हा. सुरू करताना झाकण उघडे ठेवायचे की बंद, हे प्रत्येक कंपनीच्या यंत्राचे वेगळे असते, ते सोबतच्या पुस्तकात वाचा. बंद करताना थेट प्लग खेचू नका, बंद होण्याचा जो क्रम यंत्रात दिलेला असतो तो पुरा होऊ द्या, म्हणजे उरलेल्या गोळ्या जळून जातात. आपल्याकडे मोठा त्रास दमटपणाचा. पावसाळ्यात गोळ्या ओल धरून फुगतात आणि भुसा होतात, त्या हवाबंद डब्यातच ठेवाव्या लागतील. आणि ही शेगडी शॅकमध्येही झावळ्यांच्या छपराखाली चालवायची नाही. बोटीवर तर विचारच नको.

भाजल्यावर काय करायचे तेही सांगून ठेवतो, कारण दर्यातून दवाखाना लांब असतो. भाजलेल्या जागेवर लगेच थंड पाणी, निदान २० मिनिटे. गोडे पाणी कमी असेल तर समुद्राचे स्वच्छ पाणी चालते, थंड करणे महत्त्वाचे. बर्फ थेट लावू नका, खणात कितीही बर्फ असला तरी. अंगठी, कडे, घड्याळ सूज यायच्या आधी काढा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. टूथपेस्ट, हळद, तेल, इंजिनचे ग्रीस काही नको. स्वच्छ कापडाने सैल झाका आणि बोट वळवा. तोंड भाजले असेल, आवाज बसला असेल किंवा भडक्याचा धूर छातीत गेला असेल तर बाहेरून बरा दिसला तरी त्याला लगेच किनाऱ्यावर आणा. आत घशाला सूज येऊन श्वास अडकू शकतो. जाळे पाण्यात आहे म्हणून थांबू नका, जाळे कापा.

मालकांना, म्हणजे आपल्या सगळ्या पात्रांवांना एक विनंती. बोटीवरचे बरेच खलाशी ओडिशा, झारखंडकडून येतात. काही जण गॅसची शेगडी पहिल्यांदा आपल्याच बोटीवर हाताळतात. त्यांच्या हातात ही मराठी पोस्ट देऊन उपयोग नाही. निघायच्या आदल्या दिवशी जो जेवण करणार आहे त्याला शेगडीपाशी उभा करा, आधी काडी मग नॉब, आधी रेग्युलेटर बंद मग नॉब, हे त्याच्याकडून चार वेळा करून घ्या. नुसते "समझा क्या" विचारलेत तर तो मान हलवेल. घरच्या वहिनींनी हे काम घेतले तर आणखी चांगले, शेगडीचे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते.

नळीवरचे वर्ष किंवा सिलिंडरवरचे अक्षर वाचता येत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून सोसायटीच्या ऑफिसात दाखवायला आणा. १ ऑगस्टपर्यंत रोज संध्याकाळी ६ पर्यंत मी ऑफिसात आहे. साबणाचे पाणी घेऊन बोटीवर यायला हवे असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा.

आपला,
सेक्रेटरी